झिप किती मिनिटांनी उघडली ते लिहा: संरक्षक कपडे माणसावर तपासायला शिकताना

काही वर्षांपूर्वी नाशिकच्या अंबडमधल्या एका फोर्जिंग युनिटमध्ये भट्टीवरच्या कामगारांसाठी नवे कोट आले होते. ते तपासायचं काम माझ्याकडे होतं. कापडाचं सर्टिफिकेट चोख होतं. लोकांनी दोन दिवस कोट घालून काम केलं आणि मी प्रत्येकाला विचारलं, "कसा आहे कोट?" सगळे म्हणाले, "बरा आहे मॅडम." मी अहवालात तसंच लिहिलं आणि कंपनीने कोट घेतले.

पावसाळा संपल्यावर पुन्हा गेले तेव्हा निम्मे कोट खुंटीला लटकत होते. जे अंगावर होते त्यांतल्या एकाची काखेतली शिवण ब्लेडने उसवलेली होती. नीट, सरळ, चार बोटं लांब. कोट घातलेल्या दादांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "सांडशी वर घेतली की अख्खा कोट कमरेपासून उचलला जातो. आत वाफ कोंडते. इथून जरा वारा लागतो." जिथून ठिणगी आत जायला नको तिथेच त्यांनी खिडकी केली होती. त्यांना दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं. आधी जे मोजायला हवं होतं ते मीच मोजलं नव्हतं.

तेव्हापासून मी या कामात जे शिकले ते इथे क्रमाने मांडते आहे. कारखान्यात नुकते रुजू झालेले सेफ्टी ऑफिसर, टेक्स्टाइल किंवा व्यवसायजन्य आरोग्य शिकणारी मुलंमुली, फवारणीचे किट एकगठ्ठा विकत घेणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे लोक, अशा सगळ्यांसाठी हे आहे. टोकाचं हवामान म्हटलं की आपल्याला सियाचीन आठवतं. पण सातपूर, अंबड, सिन्नरच्या भट्ट्या, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेतली फवारणी आणि द्राक्षाचं शून्य अंशाचं कोल्ड स्टोरेज हे सगळं एकाच जिल्ह्यात आहे. शिकायला आणखी लांब जायची गरज नाही.

कापड, कपडा आणि कपड्यातला माणूस

नवखा माणूस पहिल्यांदा इथे गडबडतो. सर्टिफिकेट असतं ते कापडाच्या तुकड्याचं. ज्योत लावली तर पेटतं का, वितळलेल्या धातूचा शिंतोडा पडला तर काय होतं, घाम गाळणाऱ्या गरम पाटीवर ठेवलं तर वाफ किती अडते, हे सगळं त्या तुकड्यावर बघतात. वाफेच्या अडथळ्याची चाचणी आयएसओ ११०९२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे होते आणि तिच्यातून 'आरईटी' नावाचा आकडा येतो. आकडा जितका लहान तितकी वाफ सहज बाहेर. पण तुकड्याला ना काख असते ना कॉलर. तो शिवला, अस्तर लागलं, खिसे आले, वर हेल्मेट, हातमोजे आणि बूट आले की गणित बदलतं. म्हणून पुढची चाचणी अख्खा कपडा गरम पुतळ्यावर चढवून करतात. त्यानंतर येतो माणूस.

अमेरिकी लष्कराच्या नॅटिक इथल्या प्रयोगशाळेत रॅल्फ गोल्डमन यांनी या कामाच्या पाच पायऱ्या लावून दिल्या: आधी कापड, मग पुतळ्यावरचा पूर्ण पोशाख, मग हवामान-कक्षातली माणसं, मग प्रत्यक्ष जागेवर थोडी माणसं, शेवटी प्रत्यक्ष जागेवर पुष्कळ माणसं. वर चढाल तसा खर्च वाढतो आणि आकड्यांतली नेमकाई कमी होते, पण रोजच्या कामाशी जवळीक वाढते. आपल्यासारख्यांच्या हातात चौथी पायरी असते. पहिल्या पायरीसाठी मुंबईत घाटकोपरला बीटीआरए, कोइम्बतूरला सिट्रा, गाझियाबादला निट्रा या कापड-संशोधन संस्था आहेत. तिथलं किंवा तशा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र आधी हातात घ्या.

एक गोष्ट इथेच ठळकपणे सांगते. कपडा आगीपासून किंवा फवारणीच्या औषधापासून वाचवतो का, हे माणसावर कधीच तपासायचं नसतं. ते प्रयोगशाळेतच ठरलेलं असलं पाहिजे. माणसावर तपासायचं ते एवढंच, की तो कपडा घालून माणूस आपलं काम किती वेळ, किती नीट आणि शरीराची किती किंमत मोजून करू शकतो.

घामाचा हिशोब आधी समजून घ्या

मध्यम मेहनतीचं काम करताना शरीरात साधारण ३०० वॉट उष्णता तयार होते. ती बाहेर पडली नाही तर शरीर तापत जातं. भट्टीसमोर किंवा एप्रिलच्या उन्हात बाहेरची हवाच त्वचेपेक्षा गरम असते, त्यामुळे उष्णता टाकायचा एकच मार्ग उरतो: घाम सुकणं. एक किलो घाम पूर्ण वाळला तर सुमारे २४३० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. पण घाम त्वचेवरून वाळला तरच. अंगावरून निथळला, बनियनमध्ये मुरला, बुटात साचला तर त्याचा फायदा फारच थोडा. उलट पाणी आणि मीठ मात्र गेलेलं असतं.

म्हणून "याला खूप घाम आला, म्हणजे अंग गार होत असेल" असं कुणी म्हणालं तर थांबवा. रेनकोटसारख्या सूटमधला माणूस घामाने न्हालेला असतो आणि तरीही आतून तापत असतो.

चाचणीआधी एक दिवस नुसतं बघा

वही घेऊन एक पूर्ण पाळी कामाच्या जागी उभं राहायचं. मोजायचं काही नाही, फक्त लिहायचं: माणूस किती वेळा वाकतो, किती वेळा हात खांद्याच्या वर नेतो, कुठे गुडघ्यावर बसतो, पाणी प्यायला किती लांब जातो, कपड्याचा कोणता भाग सारखा ओढतो.

द्राक्षबागेचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर पेस्टिंग असतं. हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण वेलीच्या डोळ्यांना, म्हणजे काडीवरच्या कळ्यांना, हाताने लावायचं, तेही ऑक्टोबर हीटमध्ये. इथे पाठीवर ओझं नाही, पण हात सतत छातीच्या वर असतात आणि द्रावण मनगटावरून कोपराकडे ओघळतं. मग इथे खरी परीक्षा हातमोजा आणि बाही यांच्या जोडाची. पाठीवरचा पंप घेऊन औषध मारणाऱ्याची गोष्ट वेगळी. सोळा लिटरचा भरलेला पंप वीस किलोच्या आसपास जातो, त्याचे पट्टे सूट खांद्यावर दाबतात आणि पाठीचा सगळा भाग वाऱ्याला बंद होतो. ट्रॅक्टरच्या ब्लोअरवर बसलेल्याचं तिसरंच. एकाच बागेत तीन कामं, आणि तिन्हींची चाचणी वेगळी. 'फवारणीचा सूट' असा एकच प्रश्न हाती घेतला तर उत्तरही असंच भोंगळ येतं.

माणसं निवडणं आणि त्यांची संमती

सहा ते आठ माणसं मिळाली तर पहिल्या चाचणीला पुरेत. पण ती खरोखर ते काम करणारीच हवीत. ऑफिसमधल्या धडधाकट पोरांना सूट घालून ट्रेडमिलवर चालवलं तर त्या आकड्यांचा भट्टीवाल्याला काही उपयोग नाही.

चाचणीआधी डॉक्टरकडून तपासणी हवीच: रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, नुकताच येऊन गेलेला ताप, चालू असलेली औषधं, आधी कधी ऊन लागलं होतं का, गरोदरपण. अभ्यास छापायचा असेल किंवा शरीराच्या आतलं तापमान मोजायचं असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या नीतिसमितीची परवानगी घ्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचायला जड वाटतील, पण संमतीचं प्रकरण तरी वाचाच.

संमतीपत्र मराठीत असावं आणि मोठ्याने वाचून दाखवावं. वाचताना मुकादम किंवा सुपरवायझर खोलीत नको. तो शेजारी उभा असताना "हो" म्हणणाऱ्याचं "हो" मी आता धरत नाही. नकार दिला तर हजेरी कापली जाणार नाही, मध्येच थांबलं तरी पूर्ण रोज मिळेल, हे मालकाकडून लेखी घ्या आणि ते सगळ्यांसमोर वाचा.

उन्हाची सवय हाही मुद्दा आहे. सुट्टीवरून परतलेल्या किंवा नव्या माणसाला अंगात सवय भिनायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी कामावर आलेल्याला चाचणीत घ्यायचं नाही.

आणि बायकांना वगळू नका. द्राक्षाच्या थिनिंगला (मणी विरळ करायला), डिपिंगला (घड द्रावणात बुडवायला), पॅकहाउसला बायकाच जास्त असतात, पण किट येतं ते पुरुषी मापाचं. साडीवर चढवलेला कव्हरऑल मांड्यांपाशी तटतो, बाही बोटांवर येते. त्याहून मोठी अडचण अशी की अख्खा सूट काढल्याशिवाय लघवीला जाता येत नाही, म्हणून त्या सकाळपासून पाणीच कमी पितात. हे त्या कुठल्याही पुरुषाला सांगणार नाहीत, आणि विचारलं नाही तर मलाही सांगणार नाहीत. प्रश्नावलीत तो प्रश्न घाला.

हवा मोजा, नुसतं तापमान नको

मोबाइलवर "नाशिक ३९ अंश" दिसतं, त्यावर चाचणी चालत नाही. ऊन, भट्टीची धग, ओलावा आणि वारा हे सगळं एकत्र धरणारा मापक म्हणजे डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर). १९५० च्या दशकात अमेरिकेच्या पॅरिस आयलंडवर मरीन सैनिकांना प्रशिक्षणात ऊन लागत होतं, तिथून तो आला. आज तो आयएसओ ७२४३ मध्ये आहे. तीन तापमानं लागतात: ओल्या वातीचं (थर्मामीटरला ओली वात गुंडाळून), काळ्या गोळ्याचं (थर्मामीटर काळ्या पोकळ गोळ्यात ठेवून) आणि साध्या हवेचं. उघड्यावर, उन्हात ओल्या वातीला ०.७, काळ्या गोळ्याला ०.२ आणि हवेला ०.१ असं वजन द्यायचं. शेडमध्ये ०.७ आणि गोळ्याला ०.३.

समजा बागेत दुपारी ओली वात २४, काळा गोळा ४८, हवा ३८ अंश. म्हणजे १६.८ अधिक ९.६ अधिक ३.८, एकूण ३०.२. सवय झालेल्या माणसाला, साध्या कपड्यांत, सतत मध्यम मेहनतीसाठी ही मर्यादा २८ आहे. म्हणजे शर्ट-पँटमध्येही विश्रांती घेत काम करायला हवं. आता त्यावर वाफ न सोडणारा सूट चढवला तर त्याचे १० अंश वर धरायचे, सूटला टोपी असेल तर ११. दोन थरांचे कपडे असतील तर ३. म्हणजे रेनकोटच्या सूटमधल्या माणसाच्या दृष्टीने त्या बागेत ४० च्या वर आहे. या एका बेरजेने मी शेतकऱ्यांच्या बैठकीत जितकं पटवू शकले तितकं कुठल्याच तक्त्याने नाही.

यंत्र माणसाच्या जवळ, छातीच्या उंचीवर ठेवा. वात स्वच्छ सुती हवी आणि तिला डिस्टिल्ड पाणी लावा. बोअरचं पाणी लावलं की क्षार बसून आकडा खोटा येतो. दर पंधरा मिनिटांनी नोंद करा.

थांबायचे नियम आधी, सुरुवात नंतर

हे नियम कागदावर लिहून भिंतीला लावा. चाचणी चालू असताना "अजून पाचच मिनिटं" हा मोह फार होतो. कामगारालाही होतो, कारण त्याला चारचौघांत मागे पडायचं नसतं.

नाडीचा पट्टा छातीला बांधा. नाडी सलग काही मिनिटं १८० वजा वय यापेक्षा वर राहिली तर थांबवा. चाळीस वर्षांच्या माणसाला म्हणजे १४०. काम थांबवून एक मिनिटाने मोजलेली नाडी १२० च्या वर असेल तर पुढची फेरी नाही. आतलं तापमान मोजत असाल तर ३८.५ अंशाला थांबा. चक्कर, मळमळ, अंगावर शहारे, डोकेदुखी, बोलण्यात गडबड, चालताना झोक जाणं यातलं काहीही दिसलं तर आकडे बघत बसू नका. माणसाने स्वतः "बास" म्हटलं तर कारण विचारायच्या आत झिप उघडा.

कपाळावर धरायची इन्फ्रारेड बंदूक भट्टीपाशी किंवा उन्हात वापरू नका. ती त्वचेची धग सांगते, आतली नाही. तोंडातल्या थर्मामीटरने मोजायचं तर आधी पंधरा मिनिटं गार पाणी दिलेलं नसावं. गिळायची कॅप्सूल अचूक असते, पण महाग, आणि आतड्याचं ऑपरेशन झालेल्याला किंवा एमआरआय व्हायचा असलेल्याला देत नाहीत. ते डॉक्टरच ठरवतील.

शेजारी सावली, पाण्याचं पिंप, बर्फ, पंखा आणि दोन माणसं मोकळी ठेवा. कुणी बरळायला लागलं किंवा कोसळलं तर आधी सूट उतरवायचा, अंगावर भरपूर पाणी ओतायचं, वारा घालायचा, बर्फाचं पाणी लावायचं आणि त्याच वेळी १०८ ला फोन. गाडीची वाट बघत माणसाला सूटमध्ये झोपवून ठेवायचं नाही.

वजनकाटा: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं यंत्र

मला एकच यंत्र निवडायला सांगितलं तर मी दहा-वीस ग्रॅम दाखवणारा काटा निवडेन. सुरुवातीला माणसाचं वजन, कोरड्या अंतर्वस्त्रात. कपड्यांचं वजन वेगळं, प्रत्येक थराचं वेगळं. मग काम. मध्ये प्यायलेल्या पाण्याची बाटली आधी-नंतर मोजायची. कामानंतर कपडे उतरवून लगेच प्लास्टिकच्या पिशवीत, अंग टॉवेलने पुसून पुन्हा काट्यावर.

एक हिशोब करून बघू. समजा कामाआधी वजन ६२.४० किलो, एका तासानंतर ६१.८०. मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलं, लघवीला गेला नाही. म्हणजे घाम गेला ०.६० अधिक ०.५०, एकूण १.१० किलो. कपडे आधी १.९० किलो होते, नंतर २.५५. म्हणजे ०.६५ किलो घाम कपड्यांतच अडकला. सुकून बाहेर गेला फक्त ०.४५ किलो. तासाभरात तेवढा घाम सुकला तर साधारण ३०० वॉट उष्णता नेतो. कामाची उष्णता जवळपास तितकीच, वर उन्हाची धग वेगळी. म्हणजे हा माणूस काठावर आहे. दुसऱ्या सूटमध्ये घाम तेवढाच आला पण कपड्यांत फक्त ०.३० अडकला, तर तो सूट उघडच उजवा.

घाम नेमका कुठल्या थरात अडकला हे थर वेगळे मोजले म्हणून कळतं. पुष्कळदा दोष सूटचा नसतो, आत घातलेल्या जाड जीन्सचा असतो.

कामाची फेरी

तुलना नेहमी तीन गोष्टींची करा: रोजचे कपडे, आत्ताचा सूट, नवा सूट. रोजच्या कपड्यांची फेरी गाळली तर त्रास सूटमुळे झाला की उन्हामुळे हे कधीच कळणार नाही. प्रत्येक माणसाने तिन्ही घालायचे, वेगवेगळ्या दिवशी, एकाच वेळेला. क्रम मात्र प्रत्येकाचा वेगळा. सगळ्यांनी नवा सूट शेवटी घातला तर तोवर ते काम, तुमची वही आणि ऊन या सगळ्याला सरावलेले असतात. कंपनीचं लेबल झाका. सकाळचा चहा-नाश्ता तिन्ही दिवस सारखा ठेवा, आणि चाचणीआधी तंबाखू नको. आपल्याकडे ही अट सगळ्यात अवघड जाते, तरी ती पाळा, कारण तंबाखूने नाडी वाढते.

आधी हालचालींची छोटी फेरी घ्या: एका गुडघ्यावर बसणं, दोन्ही गुडघ्यांवर, उकिडवं, रांगणं, कमरेतून वळणं, दोन्ही हात वर, शिडी चढणं-उतरणं. बाही मनगटावरून किती वर सरकते ते पट्टीने मोजा. हेच आधी केलं असतं तर अंबडच्या त्या कोटाची काख पहिल्या तासात सापडली असती. काखेत चौकोनी कळी घालून शिवलेला नमुना नंतर आला, तो घालून दादांनी हात वर केला आणि कोट जागचा हलला नाही.

मग प्रत्यक्ष काम, किमान पाऊण तास. हातमोज्यांसाठी वीस नट-बोल्ट लावून काढायचे, वेळ मोजायची, मोज्याशिवाय आणि मोज्यासह. सूट घालायला आणि काढायला लागणारा वेळही लिहा. काढायला लागणारा वेळ जास्त महत्त्वाचा, कारण माणूस कोसळला तर तोच वेळ आपल्या हातात असतो.

आणि या सगळ्यात एक रकाना असा ठेवा, ज्यात फक्त माणसाने आपणहून काय केलं ते येईल. झिप किती मिनिटांनी खाली आली, टोपी कधी मागे गेली, हातमोजा कधी काढला, गॉगल कधी कपाळावर गेला. त्याला अडवायचं नाही, आठवण करायची नाही, फक्त घड्याळ बघून लिहायचं. (अर्थात भट्टीच्या तोंडाशी नाही. तिथे चाचणी धगीपासून सुरक्षित अंतरावर घ्यायची.) विसाव्या मिनिटाला झिप छातीपर्यंत येत असेल तर त्या सूटचं संरक्षण वीसच मिनिटांचं आहे, लेबलवर काहीही छापलेलं असो.

रंगीत पाणी

फवारणीच्या सूटची चाचणी औषध भरून करायची नाही. पंपात साधं पाणी आणि खाण्याचा रंग घाला. पंप नवा किंवा अगदी स्वच्छ धुतलेला हवा. सूटच्या आत पांढरी पूर्ण बाहीची बनियन आणि पांढरा पायजमा. अर्धा तास फवारणी करून सूट उतरवला की डाग बोलतात. आयएसओ १७४९१-४ मध्ये प्रयोगशाळेत हेच काटेकोरपणे करतात.

निफाडजवळच्या एका बागेत हे केलं तेव्हा सूट उतरवणाऱ्या काकांच्या पाठीवर काहीच नव्हतं, छातीवर काही नव्हतं, पण दोन्ही मनगटांपासून कोपरापर्यंत लाल ओघळ होते. नोझल वर धरलं की पाणी मोज्यावरून थेट बाहीत शिरत होतं. मोजा बाहीच्या आत घालायचा की बाहेर, हा साधा प्रश्न. हात वर करून काम असेल तर मोजा बाहीच्या वरून आणि त्याची कड दुमडून पन्हळ करायची. काका ओघळाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं हे आतच चाललं होतं." २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. मला हे काम करताना तो आकडा विसरता येत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेने विकसित केलेला 'किसान कवच' हा फवारणीचा सूट आला. त्याचं कापड औषध नुसतं अडवत नाही, ऑर्गनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकांना निष्प्रभ करतं आणि धुऊन पुन्हा वापरता येतं. मला अशा प्रयत्नांचं फार अप्रूप आहे. तरीही तो आपल्या बागेत, आपल्या पंपाखाली, आपल्या माणसाच्या मापात कसा बसतो हे याच पद्धतीने बघावं लागेल.

उलट टोक: कोल्ड स्टोरेज

द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये शून्य अंश, फ्रोझन भाज्यांच्या गोदामात उणे १८. इथे लोकांना वाटतं जाड जॅकेट दिलं की झालं. पण पेट्या उचलणारा आत घामेजतो, मग ट्रॉलीची वाट बघत उभा राहतो आणि ओलं अस्तर गार पडतं. म्हणून चाचणीत उभं राहण्याचा वेळही घाला, नुसतं काम नको. वजनकाटा इथेही तसाच वापरायचा.

थरांची किंमतही असते. १९७२ मध्ये टाइटलबॉम आणि गोल्डमन यांनी दाखवलं की थंडीचे थरावर थर घालून चालणाऱ्याला, तेवढंच वजन कमरेला बांधून चालणाऱ्यापेक्षा सरासरी १६ टक्के जास्त ऊर्जा लागते. कापडावर कापड घासतं, सांधे आखडतात.

बोटांकडे विशेष लक्ष द्या. बोटांच्या त्वचेचं तापमान १५ अंशाखाली गेलं की बारीक काम बिघडायला लागतं: टेप कापणं, स्टिकर लावणं, बारकोड यंत्राचं बटण. नट-बोल्टची तीच परीक्षा आत गेल्यावर लगेच, वीस मिनिटांनी आणि चाळीस मिनिटांनी घ्या. हातमोजा काढून काम करण्याचे प्रसंग किती ते मोजा. इथली झिप म्हणजे हातमोजाच.

काय आणि कसं विचारायचं

"बरा आहे का?" हा प्रश्न कायमचा सोडा. श्रम किती वाटतात हे माणसाने स्वतः दाखवायची बोर्गची ६ ते २० ची पट्टी आहे, ती वापरा, पण शब्द इथले लिहा: 'अगदी हलकं', 'जरा दमवणारं', 'लई जड'. उष्णतेसाठी वेगळी पट्टी, ओलेपणासाठी वेगळी. पट्टी दर दहा मिनिटांनी दाखवा आणि बोट ठेवायला सांगा, बोलायला नको, कारण बोललं की शेजारचा ऐकतो.

शेवटी तुलना विचारा. "उद्या पूर्ण पाळी काढायची तर यातला कोणता घ्याल?" आणि लगेच, "त्यात एकच गोष्ट बदलायची तर कुठे कात्री लावाल?" दुसऱ्या प्रश्नाला लोक हात लावून जागा दाखवतात. त्या जागांचा फोटो काढा, खडूने खूण करा आणि शिवणाऱ्याला ते दाखवा.

अहवाल आणि त्यानंतर

अहवालात सरासरी लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. आठ जणांत सात ठीक आणि एकाची नाडी मर्यादेवर गेली असेल तर त्या एकाबद्दल वेगळा परिच्छेद लिहा: वय, बांधा, सवय, सूटचं माप. हवामानाची नोंद प्रत्येक आकड्याशेजारी हवी, जानेवारीत घेतलेली चाचणी मे महिन्यासाठी चालत नाही. शिफारशीत कपड्यासोबत कामाचा आणि विश्रांतीचा वेळही लिहा, उदाहरणार्थ सकाळी दहाच्या आत फवारणी, पाऊण तासानंतर सूट उघडून सावलीत बसणं.

मग तेच कपडे लेबलवर सांगितल्याप्रमाणे धुवायला द्या आणि पाच-दहा धुण्यांनंतर हालचालींची फेरी पुन्हा घ्या. आटलेली बाही, ढिलं पडलेलं इलॅस्टिक, अडकणारी झिप हे तेव्हाच दिसतं.

दोन महिन्यांनी न सांगता परत जा, पाळी सुरू होऊन तासभर झाल्यावर. आधी खुंट्या मोजा: किती कपडे अंगावर, किती भिंतीवर. मग अंगावरच्या प्रत्येक कपड्याची काख, मनगट, गळा आणि झिपचं वरचं टोक बघा. कुठे ब्लेड लागलंय, कुठे सेफ्टी पिन आहे, कुठे दोरी बांधलीये ते त्याच वहीत, पहिल्या दिवशीच्या नोंदींच्या शेजारी लिहा, आणि ते करणाऱ्या माणसाला पुढच्या चाचणीत सगळ्यात आधी बोलवा.